हिवरे बाजारचा लग्नयोग

कै. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' ठाऊक नाही असे घर आमच्या वाचकांत क्वचितच सापडेल. रेवतीला भर रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरावयास धावतात, तिच्या हातातील तसबीर खाली पडते आणि ती नेमकी कृत्तिकाबाईंच्या हाती लागते. एवढ्याशा पडण्यावर सारे नाटक उभे आहे. 1893 साली ते गद्यात आले, 1916 साली पदांनी नटून संगीत झाले. आणि त्याचे मूळ शोधू गेल्यास ते इंग्रजी नाटकावरून थेट फ्रान्सातील मोलिएरपर्यंत पोहोचते. पुढे 2010 साली 'मुंबई-पुणे-मुंबई' हा बोलपट आला. त्यात मुंबईची मुलगी स्थळ नाकारण्याच्या निश्चयाने पुण्यास येते, पत्ता एका अनोळखी तरुणास विचारते, दिवसभर त्याच्याशी वाद घालीत हिंडते, आणि नाकारावयाचा नवरा तो हाच! तात्पर्य, सव्वाशे वर्षांत वेष पालटला, वाहने पालटली, परंतु दैवाची खोडी तीच राहिली.

अशा गोष्टी आम्हांस मनापासून आवडतात. मात्र त्यांत एक बाब गृहीत धरलेली असते, आणि ती म्हणजे दोन माणसांची गाठ पडावयास दोन्ही माणसे त्या वाटेवर असली पाहिजेत. ज्या गावची वाटच लोक टाळतात तेथे तसबीर पडून उपयोग काय? ती उचलणार कोण? हा विचार आम्हांस सुचला तो नगरच्या पश्चिमेस सुमारे 17 किलोमीटरांवरील हिवरे बाजार या गावी. (जिल्ह्याचे नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे, आमच्या जिभेवर अजून नगरच येते, त्याबद्दल वाचकांनी राग मानू नये.)

आज हे गाव पाहावयास देशोदेशींची मंडळी येतात. परंतु 1972 च्या दुष्काळानंतरची येथील अवस्था निराळी होती. मुळात हा पर्जन्यछायेचा मुलूख. वर्षाकाठी पाऊस पंधरा-सोळा इंच, तोही लहरी. त्यातच डोंगरावरची झाडे जळणासाठी तुटली, माती धुपली, आणि पडेल ते पाणी एका धावेत ओढ्याने निघून जाऊ लागले. विहिरी आटल्या, हातभट्ट्या पेटल्या, कर्ती माणसे मजुरीसाठी शहरांकडे गेली. सरकारी नोकरास येथील बदली म्हणजे शिक्षा वाटे. अशा गावी मुलगी कोण देणार? घागर डोक्यावर घेऊन कोसभर चालणे लेकीच्या कपाळी यावे, असे कोणत्या बापास वाटेल? गावचे तरुण विवाहावाचून राहू लागले. एखाद्या मुलाचे वय वाढले की आपल्याकडे पत्रिका पुन्हा उघडतात, मंगळ शोधतात, "योग नाही" म्हणून सुस्कारा सोडतात. येथे मंगळ बिचारा निर्दोष होता. अडचण होती ती विहिरीच्या तळाशी.

यापुढचा भाग योगायोगाचाच म्हणावा लागेल. गावातील एक तरुण, श्री. पोपटराव पवार, नगरास एम. कॉम. झालेले आणि क्रिकेटात रमणारे. घरच्यांची अपेक्षा त्यांनी बरी नोकरी धरावी अशी. परंतु 1989 च्या सुमारास गावच्या तरुणांनी त्यांस सरपंचपदासाठी गळ घातली आणि ते बिनविरोध निवडून आले. 2020 साली त्यांस पद्मश्री मिळाली हे सर्वश्रुत आहे. त्यांचा सगळा इतिहास येथे सांगत बसत नाही. मात्र गावाने स्वतःवर घातलेली बंधने सांगितलीच पाहिजेत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. डोंगरउतारावर समतल चर खणले, नाल्यांस बांध घातले, पाझर तलाव केले. धावणाऱ्या पाण्यास आधी चालावयास आणि मग थांबावयास शिकविले. 1994 नंतर सरकारच्या आदर्शगाव योजनेचे पाठबळ मिळाले. शेतीसाठी कूपनलिका खणावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही असे ठरले. दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात आणि त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरवितात. आपल्या घरांतून महिन्याच्या खर्चाची वही इतक्या प्रामाणिकपणे लिहिली जाते काय, हे आमच्या वाचकभगिनींनीच सांगावे.

विहिरींना पाणी आले, तशी गवताची आणि दुभत्याची भरभराट झाली. शहरांकडे गेलेली कुटुंबे एकामागून एक परत आली. आणि ज्या गावी कोणी मुलगी देत नसे, तेथे स्थळे आपण होऊन चालत येऊ लागली. छत्तीस गुणांच्या कोष्टकात पर्जन्यमानाचा रकाना ज्योतिषशास्त्राने का ठेवला नाही, याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते. गावची जमीन बाहेरच्या माणसास विकावयाची नाही असाही एक दंडक आहे. सून मात्र बाहेरूनच यावयाची, तेव्हा ही वेस एकाच बाजूने बंद आहे म्हणावयाचे!

आणखी एक नियम प्रथम कानांस खटकतो. विवाहापूर्वी एचआयव्हीची तपासणी येथे आवश्यक मानली आहे. सुशिक्षित घरांतूनही, जेथे पदवी, पगार आणि फ्लॅटाची लांबीरुंदी निःसंकोच विचारतात, तेथे रक्ताचा दाखला मागावयास जीभ रेटत नाही. पत्रिका मागताना संकोच नाही आणि दाखला मागताना अपमान, हे आम्हांस तरी उलगडत नाही. लेकीचे उभे आयुष्य ज्यावर अवलंबून, ते दैवावर सोडावयाचे नाही एवढे धैर्य या खेड्याने दाखविले. त्यानंतर प्रेमाच्या वाटेत काय घोटाळे व्हावयाचे ते खुशाल होवोत. देवलांच्या पात्रांपेक्षा येथील माणसे संशयी कमी असतील असे मुळीच नाही.

आम्ही निघालो तेव्हा ऊन कलले होते. वेशीपाशी एक जीप थांबली. तीतून पांढऱ्या टोप्या घातलेले तीन गृहस्थ उतरले आणि त्यांनी आम्हांसच एका घराचा पत्ता विचारला. आम्ही परके, आम्हांस तो कोठून ठाऊक असावा? शेजारच्या पोराने बोट दाखविले. वाटेत एक विहीर होती. त्यांपैकी सर्वांत वडील गृहस्थ तिच्यापाशी थबकले, कठड्यावर हात टेकून खाली डोकावले, सोबत्यांशी हलक्या आवाजात काही बोलले, आणि मग टोपी नीट बसवून घराकडे चालू लागले.