शेर, सुविचार आणि आपण

उर्दू शाळेत आम्ही मजमून शिकवतो तो तमहीदपासून. आधी शेर, मग भारदस्त लफ्ज, मुद्दा शेवटी. मराठी निबंधाचीही रीत तीच. तिथं शेराच्या जागी सुविचार येतो.

नेसरीच्या एका विद्यार्थिनीनं पुण्याच्या कॉलेजच्या अर्जासाठी स्वतःविषयी लिहून आणलं. वर शेर, खाली १६७४ साली नेसरीच्या खिंडीत पडलेले प्रतापराव गुजर. ती स्वतः कुठंच नव्हती.

"घरी काय करतेस?"

"अम्मीला लिहिता येत नाही, टीचर. तिच्या बचत गटाचा हिशेब मी ठेवते."

"मग हेच लिही."

"इतकं साधं? हसतील ना!"

हा धाक आपल्या साऱ्यांचाच. घरची बोली ना शुद्ध उर्दू, ना शुद्ध मराठी. म्हणून कागदावर आपण उसन्या शब्दांत बोलतो. गालिबनं मात्र पत्रं लिहिली ती समोर बसून बोलावं तशी. १८६८ साली ती 'ऊद-ए-हिंदी'त छापली गेली. सर सय्यद यांनीही १८७० पासून 'तहजीब-उल-अखलाक'मध्ये साध्या गद्याचीच कास धरली. उर्दूची ही वाटही आपलीच आहे. मुलींना ती मजमूनच्या तासालाच दाखवायला हवी. अर्ज भरायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.