पश्चिमेची खोली

हैदराबादेत भिंतीचा रंग ठरवावा तो मे महिन्यात, दुपारी चारच्या सुमारास. त्या वेळचं ऊन रंगांची झडती घेतं. दुकानात शेडकार्डावर शांत वाटलेला पिवळा पश्चिमेच्या खिडकीसमोर किंचाळू लागतो आणि फिकट गुलाबी धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखा दिसतो. पुण्या-नाशिकचे पाहुणे आले की केशरी, तपकिरी असे ऊब देणारे रंग सुचवतात. ऊब आम्हांला विकत घ्यावी लागत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तो फुकटच. इथे खोलीत शिरल्यावर बरं वाटतं ते डोळ्यांवरचा ताण उतरला तर.

काचीगुड्यातलं आमचं घर चुन्याच्या भिंतींचं, खाली शहाबादी फरशी. शहाबादही एके काळी निजामाच्याच राज्यात, म्हणजे फरशी घरचीच म्हणायची. काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागांत मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. 1907 साली इथे विवेक वर्धिनी शाळा निघाली. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, ही माणसं मात्र जागची हलली नाहीत. त्यांच्या माजघरांना बहुधा एकच रंग असे: चुना, त्यात चिमूटभर नीळ आणि भिंतीला धरून राहावा म्हणून थोडा डिंक. त्याला निळा म्हणायचं ते केवळ सोयीसाठी. पांढऱ्याची तिरीप तेवढी मोडलेली असे.

या चुन्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, पण भिंतीतली ओल कोंडून ठेवत नाही. पावसाळ्यात दमट झालेली भिंत दसऱ्यापर्यंत आपली आपण सुकते. अशा भिंतीवर पुट्टी आणि वर गुळगुळीत प्लॅस्टिक इमल्शन चढवलं की ओल आत अडकते, मग फुगे, मग पोपडे. गल्लीतल्या निम्म्या घरांत कोपऱ्यातलं कपाट मुद्दाम पुढे ओढून ठेवलेलं दिसतं, त्याचं कारण हेच.

पिवळ्याची गोष्ट वेगळी. तो निजामाच्या आसफजाही घराण्याचा रंग. संस्थानाचा झेंडाही पिवळा. ज्यांच्या घरातलं कोणी निजामाविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहात तुरुंगात गेलं, त्यांना हा रंग भिंतीवर कसा चालणार? हळदीचा चालतो, झेंडूचा चालतो, भिंतीवर नको! मला स्वतःला त्या रंगाबद्दल राग नाही. पण पश्चिमेच्या खोलीत तो टिकत नाही, हे कारण मला पुरतं.

हल्ली सगळ्यांना राखाडी हवा असतो. गच्चीबौलीच्या काचेच्या इमारतींमधून तो घराघरांत शिरला. या शहराचा मूळ राखाडी तिथला नव्हे, तो मौला अलीच्या टेकडीवरच्या ग्रॅनाइटचा. उस्मानिया विद्यापीठाचं आर्ट्स कॉलेज बघा: गुलाबीसर ग्रॅनाइट, सकाळी करडा वाटतो, उन्हं कलली की हलकेच रंगावर येतो. दगडाच्या अंगात कण असतात, चमक असते, सावल्या असतात. डब्यातल्या सपाट राखाडीत यातलं काही नाही. मऊ प्रकाशाच्या खोलीत तो नुसता मळका दिसतो.

पश्चिमेच्या खोलीला कोणता रंग द्यायचा यावरचा आमचा घरातला वाद रंगाऱ्याने ऐकून घेतला आणि शेडकार्ड मिटून खाटेवर ठेवलं. मग ब्रशने भिंतीवर हातभर रुंदीच्या तीन पट्ट्या ओढल्या, एक खिडकीशेजारी, एक समोर, एक दाराआडच्या अंधारात. डबा एकच, रंग तिन्ही ठिकाणी निराळा. "कार्ड कू नक्को देखो अम्मा, दीवार कू देखो," तो आईला म्हणाला. संध्याकाळी ट्यूब लावली तर चौथाच रंग निघाला; पिवळसर दिवा लावल्यावर पाचवा. आईने ट्यूब काढायला सांगितली. रंगापेक्षा दिवा बदलणं स्वस्त, हे तिला आमच्याआधी उमगलं.

एक गैरसमज मात्र काढून टाकावा. आतला रंग फिका केला म्हणून खोली गार होत नाही. ते काम गच्चीचं. तेलंगण सरकारने 2023 साली शीत छतांचं धोरण जाहीर केलं ते याचसाठी. ऊन परतवणारा पांढरा थर छतावर हवा. आतला रंग फक्त डोळ्यांना निववतो.

शेवटी चुना आणि नीळच ठरली, नीळ नेहमीपेक्षा कमी, दोन हात. पोरांना ती जुनाट वाटते, वाटू दे. तुमच्याकडे रंगकाम निघालं असेल तर आधी अर्धा लिटर आणा, दोन-तीन भिंतींवर पट्ट्या ओढा आणि सकाळी, चार वाजता, दिव्याखाली असं आठवडाभर बघा. बाकीचे डबे मग घ्या.