फुगलेली बॅटरी

धाकट्याच्या रिमोटच्या विमानासाठी बॅटरी उत्तम घेतली आणि चार्जरवर पैसे वाचवले, ही चूक माझीच. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरावयाचा असतो. तिन्ही सेल समान भरतात की नाही हे पाहणारा बॅलन्स चार्जरच हवा. शिवाय २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला सहसा २.२ अँपिअरहून अधिक प्रवाह देऊ नये. हे सारे मला नंतर कळले.

रविवारच्या मिस्साहून परतलो, तो चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी उशीसारखी फुगलेली! पलीकडच्या खोलीत आई झोपली होती. प्लग काढताना माझा हात थरथरत होता. बॅटरी अंगणात वाळूच्या बादलीत ठेवली.

नवा चार्जर महाग पडला. तरीही बॅटरी भरेपर्यंत मी तिथून हलत नाही. धाकटा विचारतो, "डॅडी, आज रोझरी इथेच म्हणायची का?"