विरी

भाचीचा पाचवा वाढदिवस घाटनांदूरला करायचं ठरलं. केक मामाने करायचा, हेही ठरलं. पुण्यातल्या फ्लॅटवर मी बऱ्यापैकी केक करतो, पण भाचीला सीलिएक आहे. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की तिच्या लहान आतड्याला इजा होते. मैदा म्हणजे गहूच, कणीकही गहूच. आणि ‘थोडंसं चालतं’ हा प्रकारच नाही.

मला वाटलं, सोपं आहे. आमच्याकडे ज्वारीला काय तोटा? एक व्हेरिएबल बदलायचं, बाकी कोड तोच. 200 ग्रॅम मैद्याऐवजी 200 ग्रॅम ज्वारीचं पीठ. कुकरच्या तळाशी मीठ, शिट्टी आणि रिंग काढलेली, पाऊण तास मंद आच. केक फुगला, रंगही आला. सुरी लावली आणि भुगा. बाबांनी तो दुधात कालवून खाल्ला नि छान झालाय म्हणाले. (बाबा कशालाही छान म्हणतात.)

आईने भुगा बोटांत चोळला. “विरी नाही ह्याला. उकड का नाही काढलीस?”

विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की ती जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. मग पाण्याला उकळी आणून त्यात पीठ घालतात. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि ग्लूटेनचं धरून ठेवायचं काम थोडंफार करतो. मी व्हिडिओ बघून झँथन गम ऑनलाइन मागवायच्या बेतात होतो. आई म्हणाली, जवस कुटून गरम पाण्यात भिजव, बुळबुळीत होतं.

दुसऱ्या केकला 50 ग्रॅम पिठाची उकळत्या दुधात उकड काढली. उरलेलं पीठ, दोन चमचे जवस, दही, गूळ, तेल. सोडा अगदी शेवटी. पूर्ण गार होईपर्यंत हात लावला नाही. कापला, तर तुकडा तुकडाच राहिला! फोटो लगेच ताईला हैदराबादला पाठवला.

तिचा फोन आला. “पीठ कुठं दळलं?”

“गिरणीत.”

“आधी कुणाचं दळण होतं?”

गव्हाचं. मी स्वतः रांगेत उभा होतो. आधीच्याचं पसाभर पीठ आपल्या डब्यात येतंच, त्यात आजवर कुणाला काही वाटलं नव्हतं.

तो केक आम्हीच संपवला. मी नवी चाळणी आणली, मिक्सरचं भांडं दोनदा घासलं. आई चष्मा लावून दारात ज्वारी निवडायला बसली, कारण मळणीचं यंत्र दोन्ही पिकांना एकच. अर्ध्या तासात तिने गव्हाचे तीन दाणे बाजूला काढले.

“आता तू बघ,” म्हणत तिने परात माझ्याकडे सरकवली. “माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.”

मला चौथा सापडला. मग आम्ही परत पहिल्यापासून निवडायला घेतली.