वल्ह्याच्या जागी डबा

थळच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला समुद्रात एकटेपण जाणवत नाही. समोर उंदेरी बेट, त्याच्यापलीकडे खांदेरी आणि आसपास आपल्याच गावच्या होड्या. म्हणूनच लहान होडीत मशीनच्या पंख्याचे (प्रॉपेलरचे) सुटे भाग आणि हत्यारं बाळगायची गरज नाही, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. मशीन अडलं की हात वर करायचा, जवळची होडी दोर टाकेल, आपण किनाऱ्याला येऊ. हे मत मी चारचौघांत हिरिरीने मांडत असे. आज ते माझं राहिलेलं नाही.

त्या मताला आधार होता. लहान होडीत जागा थोडी असते आणि ती जाळं, बर्फ, डिझेल-पेट्रोल आणि माणसांची असते. खाऱ्या हवेत लोखंडी पाना एका हंगामात गंजून जाम होतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोळीवाड्याचा विश्वास. अडलेल्या होडीला ओढून आणायचं, हा इथला न लिहिलेला कायदा आहे. ज्याला शेजाऱ्याचा भरवसा नाही त्यानेच हत्यारांची पेटी बाळगावी, असं मला मनापासून वाटे.

पहिला धक्का बसला तो याच विश्वासाचा हिशोब मांडताना. अडलेल्या होडीला ओढायला जी होडी येते, ती स्वतःचं जाळं अर्धवट टाकून किंवा घाईने उचलून येते. तिची त्या भरती-ओहोटीची मासळी गेलेली असते, इंधन जास्त जळतं आणि खलाशांचा वाटा बुडतो. ती माणसं पैसे मागत नाहीत, मागणारही नाहीत. पण तुटलेल्या एका पितळी पिनेसाठी दुसऱ्याच्या घरची चूल मंदावायची, हे मला पटेनासं झालं. मदतीचा कायदा आहे तो जिवावरच्या प्रसंगासाठी. आपल्या हाताने दुरुस्त होणाऱ्या गोष्टीसाठी तो वापरला, तर तो झिजतो.

ही पिन असते तरी कशासाठी, हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या आऊटबोर्ड मशीनमध्ये शाफ्टमधून आरपार एक मऊ धातूची पिन जाते आणि पंखा तिच्या आधारावर फिरतो. पंखा खडकावर आपटला की ती मुद्दाम तुटते, म्हणजे आतले गिअर वाचतात. नव्या मशीनमध्ये हेच काम पंख्याच्या पोटातलं रबराचं बुश करतं. ते निसटलं की मशीन जोरात ओरडतं, पण होडी पुढे सरकत नाही. अशा वेळी अगदी हळू चालवलं तर कधी कधी ती किनाऱ्यापर्यंत येते. पिन तुटली तर मात्र पंखा फिरतच नाही. तुटण्यासाठीच बनवलेली वस्तू जादा न ठेवता समुद्रात जाणं मला आता समजण्यापलीकडचं वाटतं.

आणि आमचा समुद्र पंख्याला सोपा नाही. उधाणाच्या भरतीला इथे पाणी चार-साडेचार मीटर चढतं. ओहोटीला तेवढंच उतरतं आणि सकाळी ज्या खडकांवरून बिनधास्त गेलो ते दुपारी पंख्याला भिडतात. तुटलेल्या जाळ्यांचे तुकडे, नायलॉनचे दोर, प्लॅस्टिक पाण्यात तरंगत असतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो. त्यात ओहोटी लागलेली असली, तर बंद पडलेली होडी बाहेर जाते, मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरांत ये-जा करणाऱ्या मोठ्या जहाजांच्या वाटेकडे. मासळीसाठी आता जास्त लांब जावं लागतं आणि तिथे हात वर केला तरी बघणारं कोणी असेलच असं नाही.

माझं मत पुरतं बदललं ते खांदेरीच्या इतिहासाकडे खलाशाच्या नजरेने बघितल्यावर. १६७९ साली शिवाजी महाराजांनी बेटावर किल्ला बांधायला घेतला. त्यांच्या आरमारातले मायनाक भंडारी तिथे ठाण मांडून होते, इंग्रजांनी आरमार आणून वेढा घातला आणि तरीही या किनाऱ्यावरून लहान होड्या रात्रीच्या अंधारात रसद पोचवत राहिल्या. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकत. आपल्या होड्यांना शीड होतं आणि वल्हीही होती. एक उपाय संपला की दुसरा हाताशी होता. मशीन आलं आणि आम्ही शीड उतरवलं, वल्ही घरी ठेवली. होडीतला दुसरा उपाय आम्ही काढून टाकला आणि त्याच्या जागी काहीच ठेवलं नाही. सुट्या भागांचा डबा म्हणजे ते परत होडीत आलेलं वल्हं आहे.

सगळं वर्कशॉप होडीत भरा, असं मी म्हणत नाही. डुलत्या होडीत दोन माणसांना जे बसवता येतं, तेवढंच न्यावं. आऊटबोर्डसाठी पिना, पंख्याचा नट, वॉशर, स्प्लिट पिना, जमल्यास जुना पण धड पंखा. नटाला बसणारा पाना, पकड, हातोडी, ग्रीस आणि धारदार सुरी. हत्यारं तेलाच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत आणि काम करताना मनगटाला दोरीने बांधावीत. नट पाण्यात पडू नये म्हणून खाली फडकं धरावं. पंख्याला हात लावण्याआधी मशीन बंद करून प्लगच्या वायरी काढायच्या, यात तडजोड नाही. आत मशीन असलेल्या मोठ्या बोटीचा पंखा समुद्रात बदलता येत नाही. तो भरतीला बोट किनाऱ्यावर टेकवून ओहोटीत बदलायचा. तो जादा पंखा घरी चालेल, पण अडकलेला दोर कापायची सुरी, करवत आणि शाफ्टच्या ग्लँडचं पॅकिंग बोटीतच हवं.

डबा असला तरी जिवाचा प्रसंग ओळखावा. नांगर धरत नसेल, लाटा चढत असतील, तर पंख्याशी झटापट करत बसू नये. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावं. तेव्हा मदत मागण्यात कमीपणा नाही.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात. त्या दिवसांत प्रत्येक खलाशाकडून, विशेषतः नव्या पोरांकडून, पंखा एकदा काढून परत बसवून घ्यावा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्याआधी डबा उघडून बघा. त्यात पिन नसेल, तर आधी पिन आणा आणि मगच होडी पाण्यात ढकला.