उभी रेघ, आडवी रेघ

महाराष्ट्रात वाढणाऱ्या मुलाला इंग्रजीची दोन अक्षरं शाळेत जाण्याआधीच भेटतात. दारातल्या स्कूटरवर, रिक्षाच्या मागे, दूधवाल्याच्या मोटारसायकलवर, एसटीच्या पुढेमागे तीच जोडी असते, एम आणि एच. आमच्या साताऱ्यात त्यांच्यापुढे ११. नातीला संध्याकाळी फिरायला नेलं की ती उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीपाशी थांबते आणि पाटीवरून बोट फिरवते. एचच्या दोन उभ्या रेघा, मधली आडवी. मग एम, तिथं बोट जरा अडखळतं, कारण मधे दोन तिरप्या रेघा खाली उतरून एकमेकींना भेटतात. ही दोन्ही अक्षरं आरशात धरली तरी तशीच दिसतात. त्यामुळे लहान मुलाच्या हातून ती उलटी होऊच शकत नाहीत. इंग्रजी लिपीची ओळख करून द्यायला याहून चांगली जोडी शोधून सापडणार नाही, आणि ती आपल्या रस्त्यावर फुकट पडलेली आहे.

तरी घरोघरी सुरुवात होते ती एपासून. वही आणली, पेन्सिलीला टोक केलं, मुलाला मांडीवर घेतलं की पहिलं अक्षर ए. म्हणायला हा क्रम ठीक आहे, हाताला मात्र तो जाचक आहे. मुलाच्या हाताला रेघा एका ठरावीक क्रमाने जमत जातात. तिसऱ्या वर्षाच्या आसपास उभी रेघ आणि गोल येतो, चौथ्याच्या सुमारास उभी-आडवी फुली, मग चौकोन, आणि त्रिकोण यायला पाचवं वर्ष उजाडतं. तिरपी रेघ ही लहान हाताला सगळ्यात अवघड. ए तर दोन तिरप्या रेघांवर उभा आहे. आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या बीला दोन पोटं! चार वर्षांच्या लेकराला पहिल्याच दिवशी ही दोन अक्षरं दिली आणि त्याने वही लोटून दिली, तर दोष त्याचा नाही.

कॅपिटल २६ अक्षरांपैकी १५ निव्वळ सरळ रेघांची आहेत. त्यातली एल, टी, आय, एच, एफ, ई ही आधी घ्यावीत. उभी रेघ, आडवी रेघ, एवढंच त्यांत लागतं. मग ओ आणि सी. मग तिरप्या रेघांची व्ही, एन, एम, ए ही मंडळी. के, आर, जी, एस अगदी शेवटी. आणखी एक गोष्ट घरच्यांच्या फार कामाची आहे, प्रत्येक कॅपिटल अक्षर वरून सुरू करता येतं. मुलाला एकच सवय लागली पुरे, हात वर न्यायचा आणि तिथून खाली यायचं. स्मॉल अक्षरांचं तसं नाही. त्यांत कुणाचं डोकं वर, कुणाची शेपटी खाली, आणि बी, डी, पी, क्यू ही चौघं एकाच चेहऱ्याची, फक्त तोंड इकडे की तिकडे एवढाच फरक.

कॅपिटल अक्षरं वयानेही थोरली आहेत. रोममध्ये सम्राट ट्रेजनचा स्तंभ आहे, इसवी सन ११३ मधला. त्याच्या पायथ्याच्या लेखात जी अक्षरं कोरली आहेत, तीच थोड्याफार फरकाने आज आपल्या मुलांच्या वहीत असतात. रोमनांकडे जे, यू आणि डब्ल्यू नव्हते, ते मागाहून आले. स्मॉल अक्षरं तर त्या लेखानंतर कित्येक शतकांनी, हस्तलिखितं भराभर उतरवणाऱ्या लेखनिकांच्या हातून घडत गेली. सम्राट शार्लमेनच्या काळात, म्हणजे ८०० च्या आसपास, त्यांना नीटस रूप आलं. नात जमिनीवर पालथी पडून टी काढते तेव्हा मला त्या दगडाची आठवण होते. इतकं जुनं काही इतक्या लहान हातात येतं, याचा मला आनंद होतो.

शेजारची एक तरुण आई मागे म्हणाली, "काकू, मला कुठं येतंय इंग्रजी? मी काय शिकवणार पोराला? शिकवणीलाच घालते." हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० साली मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं आणि त्या वर्षी कितीतरी आया मुलांबरोबरच पुन्हा एबीसीडी गिरवायला बसल्या. शेजारणीला वाटणारी धास्ती खरी आहे, पण ती अस्थानी आहे. रोज उंबऱ्याशी रांगोळी काढणाऱ्या बाईच्या हातात सगळ्या रेघा आहेत. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत सरळ जाणं, नेमक्या जागी वळणं, चिमूट सैल न सोडणं, हे तिला इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळतं. मी तिला म्हटलं, "इंग्रजी राहू दे. तू त्याला रेघ दाखव." आता तो मुलगा सकाळी आईच्या रांगोळीशेजारी आपला एल काढतो.

पेन्सिल मी उशिरा देते. चार वर्षांच्या वयात मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांत जोर नसतो. मूल पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि कागद फाटेस्तोवर दाबतं. त्यापेक्षा स्टीलच्या ताटात मूठभर रवा पसरावा. बोटाने अक्षर काढायचं, ताट हलवलं की पुसलं. खोडरबर लागत नाही, चुकलं म्हणून खूण उरत नाही. कणकेच्या वळ्या करून त्यांचा ई जुळवता येतो. रंगकामाचा उरलेला ब्रश पाण्यात बुडवून अंगणाच्या कोब्यावर हातभर उंचीचा एफ काढता येतो, तेव्हा रेघ खांद्यातून येते, नुसती बोटांतून नाही. खडू द्यायचा तर मोडका द्यावा. नखाएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, त्याला दोन बोटं आणि अंगठाच लागतो. पकड आपोआप बसते, सांगावं लागत नाही.

ठिपके जोडून अक्षर करायच्या छापील पानांवर माझा विश्वास नाही. मूल ठिपक्यामागून ठिपका पकडत जातं, पण रेघ कुठून निघाली, कुठं वळली, हे त्याला कळत नाही. त्याच्या शेजारी बसून, त्याच्या बाजूने, सावकाश एकदा काढून दाखवलेलं अक्षर अशा दहा पानांना भारी आहे. काढताना तोंडाने म्हणावं, वरून खाली, मग आडवी. मूलही म्हणू लागतं.

नातीचा ई बरेच दिवस कंगव्यासारखा होता. उभी रेघ काढली की ती आडव्या रेघा मारतच सुटायची, पाच, सहा, जागा संपेपर्यंत. तिला रेघ मारण्यातच मजा येत होती. सून म्हणाली, "आई, तिला सांगा ना, तीनच असतात म्हणून." सांगून उपयोग नव्हता, ती मोजत नव्हतीच. मग कणकेच्या तीनच छोट्या वळ्या तिच्यापुढे ठेवल्या. संपल्या तशी ती थांबली. एस मात्र अजून उलटा येतो, आणि तिचं नावच त्या अक्षराने सुरू होतं. फ्रिजवर, कॅलेंडरवर, माझ्या औषधांच्या डबीवर सगळीकडे तो उलट्या तोंडाचा एस आहे. एसमध्ये हाताला अर्ध्या वाटेत दिशा बदलावी लागते, म्हणून तो अवघड. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं अशी उलटी पडतात आणि बहुतेकांची आपोआप सरळ होतात. मी त्यातला एकही पुसलेला नाही. तिने स्वतःचं नाव लिहिलं आहे, ते मी का पुसू?

डावखुऱ्या मुलांविषयी मात्र मी आवाज चढवून बोलते. "उजव्या हाताने लिही" असा धाक अजूनही घराघरांत घातला जातो. तो आता थांबला पाहिजे. डावखुऱ्या मुलाची वही जराशी उजवीकडे कललेली ठेवावी. टीची आडवी रेघ ते उजवीकडून डावीकडे ओढेल, तर ओढू द्यावी. अक्षर तेच होतं.

चाररेघी वहीची वेळ या सगळ्यानंतरची. वरच्या लाल रेघेपासून खालच्या निळ्या रेघेपर्यंत अक्षर बसवणं ही शिस्त चांगली आहे, पण ती रुजायला हात तयार हवा. ज्युनिअर केजीतल्या मुलांना पानंच्या पानं लिहून आणायला सांगणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. रात्री नऊ वाजता झोपेने पेंगणारं मूल, समोर अर्धं पान आणि शेजारी रडकुंडीला आलेली आई, हेही पाहिलं आहे. याउलट, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी पाड्यांच्या अंगणात जाऊन त्यांनी खडे, बिया, पानं, माती यांवर मुलांना शिकवलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ ही वर्षं एकत्र धरून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. एवढं सगळं आपल्या हाताशी असताना चार वर्षांच्या मुलाला रात्री नऊला लिहायला बसवणं हा अन्याय आहे.

तेव्हा आयांनो, आज्यांनो, आणि ऑफिसातून दमून येणाऱ्या बाबांनो, शाळेतून फार लिखाण येत असेल तर बाईंना जाऊन भेटा, नम्रपणे पण स्पष्ट सांगा. घरी दिवसाकाठी दहा मिनिटं पुरतात. ताटात रवा पसरा, टीव्ही बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मुलाच्या शेजारी खाली बसा. सुरुवात एलपासून करा.