वत्सगुल्माची वधू आणि डोळ्यांखालची सावली

आमच्या वाचनात आलेले वाशिमचे सर्वांत जुने लग्न राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त लागले आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाला आवरण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली, प्रत्येक प्रदेशात तिने निराळा वेष केला, तिथल्या स्त्रियांनी तो उचलला, आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वेषविन्यासाला राजशेखर ‘प्रवृत्ती’ म्हणतो आणि वचनविन्यासाला ‘रीती’. म्हणजे नटणे आणि बोलणे या दोन गोष्टी त्याने शेजारीशेजारी बसवल्या. मात्र एवढी पायपीट झाल्यावर वधूच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली होती किंवा कसे, याविषयी तो अवाक्षर काढत नाही. (गांधर्व विवाहाला पाहुणे नसतात आणि छायाचित्रकार तर नसतोच, हा भाग वेगळा.)

आजच्या वाशिमकर वधूला ही सवलत नाही. लग्न मे महिन्यातले, मंडप पत्र्याचा, आदल्या रात्री हळद आणि जागरण, आणि सकाळपासून कॅमेरा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर. डोळ्यांखालची सावली, गालावरचे वांग, पुटकुळीचा डाग झाकण्यासाठी लावतात ते कन्सीलर अशा उन्हात तासाभरात फाटते. ‘फाटते’ हा पार्लरमधला शब्द आहे आणि तो अगदी नेमका आहे. लेप वितळत नाही, सुकलेल्या तळ्याच्या गाळासारखा त्याला भेगा जातात.

याचे कारण बहुतेक वेळा लेपाच्या जाडीत असते. डोळ्यांखालची त्वचा चेहऱ्यावरची सर्वांत पातळ, तिला स्वतःचे तेल जवळजवळ नाही, आणि हसताना, बोलताना, पापणी लवताना ती सारखी हलत असते. तिच्यावर जे जास्तीचे असेल ते बारीक सुरकुत्यांत जाऊन बसणार, हे ठरलेलेच. म्हणून जाणती रंगभूषाकार आधी त्वचेला ओलावा देते आणि तो मुरेपर्यंत पाच-दहा मिनिटे थांबते. हे थांबणे गर्दीच्या दिवशी कोणालाच परवडत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. मग फाउंडेशनचा हलका हात, आणि त्याने जे झाकले नाही तेवढ्यापुरतेच कन्सीलर, एका डोळ्याला तांदळाच्या दाण्याएवढे. ते चोळायचे नाही. अनामिकेने किंवा ओलसर पिळलेल्या स्पंजाने टिपत बसवायचे. पुन्हा मिनिटभर थांबायचे, कारण त्यातला उडून जाणारा अंश गेल्यावरच रंगकणांचा पापुद्रा त्वचेला धरतो. हवाच असेल तर दुसरा, पहिल्याहून पातळ थर. वर पांढुरके ऊन दिसावे इतकीच पावडर, तीही दाबून. पुढे दिवसभर घाम आला की टिपकागदाने नुसता दाबून घ्यायचा. त्यावर पावडर थापत राहिले की पुन्हा भेगा.

रंगाची गोष्ट याहून गमतीची आहे. काळ्या वर्तुळावर आपल्याहून दोन छटा उजळ लेप लावण्याची हौस सर्वत्र दिसते, आणि फळ म्हणून डोळ्यांखाली राख फासल्यासारखा करडा पट्टा मिळतो. सावलीत निळसर झाक असते. पांढऱ्याने ती मरत नाही, तिला नारिंगी लागतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या अध्यायात अंगरचनेचे चार मूळ रंग सांगितले आहेत, पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा, आणि मग त्यांची मिश्रणे. त्यांत ‘गौर’ हा वर्ण तांबडा आणि पिवळा यांच्या संयोगाने होतो. पांढरा त्यात नाहीच! ज्याला आपण गोरेपणा समजतो तो भरताच्या रंगपेटीत नारिंगीच्या कुळातला निघावा, हे आम्हांला फार समाधानकारक वाटते. सावळ्या चेहऱ्याला आधी पिकल्या पपईच्या रंगाचा पुसटसा हात देऊन वर त्वचेच्याच छटेचे कन्सीलर लावणारी पार्लरवाली भरताच्या वाटेनेच चाललेली असते.

मराठी रंगपटात जुन्या काळी सफेदा, पिवडी आणि काव यांवर काम भागे, आणि ते प्रेक्षकाच्या अंतरासाठी होते. दहाव्या रांगेतून भेगा दिसत नसत. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने ते अंतर खाल्ले. लिडिया ओ’लिअरी या अमेरिकन बाईंच्या चेहऱ्यावर जन्मतःच मोठा जांभळट डाग होता; त्यांनी १९२८च्या सुमारास तो झाकण्यासाठी ‘कव्हरमार्क’ तयार केले. मॅक्स फॅक्टरच्या कंपनीने १९५४ साली कांडीच्या रूपात आणलेल्या कन्सीलरचे नाव मात्र ‘इरेस’, म्हणजे पुसून टाकणे. एक नाव डाग मान्य करून त्यावर पांघरूण घालते, दुसरे तो नव्हताच असे भासवते. आमचा कौल पहिल्या नावाला आहे, आणि त्याला नावापलीकडचे कारण आहे.

१९९८पर्यंत वाशिम ज्या जिल्ह्याचा भाग होते त्या अकोल्यातली बातमी २०२३च्या आरंभी वर्तमानपत्रांत आली. एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत तपास गेल्यावर त्या वापरत असलेल्या गोरे करणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा त्वचेतला रंग घडवण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. मग तो कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. ज्या क्रीममध्ये पारा नसतो अशा कित्येकांत स्टेरॉइड असते. चेहरा महिनाभर तुकतुकीत, नंतर लाल, पातळ आणि उन्हाला भिणारा. वांग घालवण्याच्या नादात हे सारे घडते. कन्सीलर, निदान, काही घालवण्याचे वचन देत नाही. ते संध्याकाळी धुऊन निघते.

तरीही झाकण्याची सक्ती झाली की तेच कन्सीलर छळाचे होते. कपाळावरच्या टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने काही स्त्रियांची त्वचा नेमकी तिथे पांढरी पडते. त्वचारोगतज्ज्ञांना हे चांगले ठाऊक आहे. पाहायला आलेल्यांपुढे तो ठिपका कोड म्हणून वाचला जातो, आणि मुलगी पोहे घेऊन येण्याआधी तिच्या कपाळावर थर चढतात. तिथे तंत्र कितीही उत्तम असले तरी आम्हांला त्याचे कौतुक करवत नाही.

रिसोड तालुक्यातल्या एका लग्नात वधूच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मुलीच्या जबड्यावर लहानपणी चुलीच्या निखाऱ्याने भाजल्याचा व्रण होता. पार्लरवाली स्पंज घेऊन तिकडे वळली तेव्हा मुलगी म्हणाली, “तेवढं राहू द्या न ताई. सगळ्याईले माहीत हाये, झाकून कोनाले फसवू? डोयाखाली मात्र नीट लावा, दोन रात्री झोपली नाही मी.” आई काही बोलणार होती, बोलली नाही. डोळ्यांखाली दोन पातळ थर बसले, प्रत्येकानंतर मिनिटभर थांबून, आणि दुपारच्या पंगती उठेपर्यंत त्यांना एकही भेग गेली नव्हती. रात्री मावशीने जुन्या धोतराच्या मऊ फडक्यावर खोबरेल घेऊन तिचे डोळे मिटवले. असला पक्का लेप साबणाने निघत नाही, त्याला तेलच लागते.